हुकूम मराठीतून द्यायचा तर : साहसखेळांच्या साधनांची एक पारख

टेक्स्ट ॲडव्हेंचर हा संगणकीय खेळांचा एक जुना प्रकार आहे. त्यात चित्र नसते, आवाज नसतो. पडद्यावर चार-सहा ओळींचे वर्णन येते : आपण कुठे उभे आहोत, समोर काय दिसते, कोणती वाट कुठे जाते. त्याखाली एक रिकामी ओळ असते. खेळणाऱ्याने तिथे आपला हुकूम लिहायचा, ‘दार उघड’, ‘कंदील घे’, ‘विहिरीत उतर’; आणि यंत्राने त्याचा अर्थ लावून पुढचे वर्णन द्यायचे. या लेखात मी त्याला साहसखेळ म्हणणार आहे.

असा खेळ रचण्यासाठी आज अनेक साधने फुकट मिळतात. इन्फॉर्म, टॅड्स, ट्वाइन, इंक ही त्यांतली ठळक नावे. आणि पायथनसारख्या सर्वसाधारण भाषेत स्वतः सगळे लिहिण्याचा मार्ग आहेच. कोणते साधन घ्यावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन निकषांवर होते : शिकायला सोपे कोणते आणि काम जास्त कोणते करते. मराठीतून खेळ रचायचा तर हे दोन निकष पुरत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. तिसरा निकष लागतो आणि तोच निर्णायक आहे : खेळणाऱ्याचा शब्द जिथे अडतो, तिथे ते साधन उघडून दुरुस्त करता येते का, आणि कोणाला करता येते?

गुहा आणि पाच अक्षरे

या प्रकारातला पहिला खेळ विल क्राउदर या अमेरिकी प्रोग्रामरने १९७५-७६च्या सुमारास लिहिला. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो, त्याच्या आधीचे आर्पानेट हे जाळे बांधण्याच्या कामात तो होता. त्याला गुहांत उतरण्याचा छंद होता आणि केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेच्या एका भागाची मोजणी त्याने केली होती. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळता यावे म्हणून त्याने पीडीपी-१० या यंत्रावर, फोर्ट्रान भाषेत, त्या गुहेचे शब्दरूप रचले. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने त्यात भर घातली आणि ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ विद्यापीठांतल्या यंत्रांवर सर्वत्र पसरला.

या खेळाबद्दल एक बारीकशी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तो प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे पाहत असे. पीडीपी-१० यंत्राच्या स्मृतीतल्या एका कप्प्यात ३६ बिट बसत आणि एका रोमन अक्षराला ७ बिट लागत; म्हणजे कप्प्यात अक्षरे पाच. त्यामुळे इंग्रजीत ‘उत्तर’ आणि ‘ईशान्य’ या दिशांची नावे यंत्राला एकच दिसत, कारण त्यांची पहिली पाच अक्षरे सारखी आहेत. खेळणाऱ्याने ईशान्येला जाताना संक्षेप वापरावा, अशी सूचना खेळातच दिलेली होती.

म्हणजे इंग्रजीलाही पहिल्या दिवसापासून यंत्रापुढे थोडे वाकावे लागले. फरक एवढाच की, यंत्र बनवणारे त्याच भाषेचे होते. वाकणे कमी पडले आणि पुढे गेलेही. जी भाषा त्या खोलीत नव्हती, तिला किती वाकावे लागेल हे कोणी मोजलेच नव्हते.

वर्ध्याचे दोन दाखले

मी वर्धा जिल्ह्यात राहतो. साधनाची पारख कशी करावी, या प्रश्नाचे दोन जुने दाखले इथे हाताशी आहेत. संगणकाशी त्यांचा संबंध नाही, पण आपल्या प्रश्नाशी आहे.

पहिला दाखला चरख्याचा. १९२९मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा वजनाला हलका असावा, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावा, बाईमाणसाला फार न थकता आठ तास चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी. आणि आणखी एक अट : वेळच्या वेळी डागडुजी केली तर तो वीस वर्षे चालला पाहिजे आणि डागडुजीचा खर्च थोडा असला पाहिजे. सूत किती निघते याच्या बरोबरीने, मोडल्यावर काय होते हेही इथे विचारले आहे. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ १९३८मध्ये वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले. तिथे चरख्यांचे निरनिराळे नमुने पाहताना मला नेहमी ही शेवटची अट आठवते. साधनाचे मोल त्याच्या दुरुस्तीतून कळते.

दुसरा दाखला लिपीचा. देवनागरीचे टंकलेखनयंत्र आणि छपाईचे खिळे ही त्या काळातली मोठीच अडचण होती. चिन्हे फार आणि यंत्रावर जागा थोडी. त्यावर काका कालेलकरांच्या पुढाकाराने सुचवला गेलेला एक उपाय म्हणजे ‘अ’ची बाराखडी : इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे सोडून अि, अी, अु, अू असे लिहायचे. मराठीत सावरकरांनीही असाच आग्रह धरला होता. १९३६मध्ये स्थापन झालेल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची जुनी पुस्तके उघडली तर ही अक्षरे आजही भेटतात. लोकांनी ती शेवटी स्वीकारली नाहीत. पण त्यामागचा हिशेब खरा होता : यंत्र बदलण्याची ताकद नसेल तर लिपी बदलावी लागते.

पुढे हिशेब उलटला. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक आले, जिस्ट तंत्रज्ञान आले, भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली ठरली आणि १९९१च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच १९८८च्या इस्कीवरून घेतली. तिचे तत्त्व असे की, अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवायचे. ‘विहीर’ शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना ‘व’च्या आधी दिसते, टंकलेखनयंत्रावर ती आधी मारावी लागे; संगणकाच्या स्मृतीत मात्र आधी ‘व’, मग वेलांटी. दाखवताना ती कुठे बसवायची हे यंत्र पाहते. म्हणजे इथे यंत्र वाकले, लिपी ताठ राहिली. हे दोन दाखले मनात धरून आता साधनांकडे वळू.

ट्वाइन आणि इंक : बोटाने वाचायचे खेळ

ट्वाइन हे साधन क्रिस क्लिमसने २००९मध्ये काढले. त्यात कथेचे तुकडे चौकटींत लिहायचे आणि एका चौकटीतल्या शब्दावर बोट ठेवले की दुसरी उघडावी, अशी जोडणी करायची. प्रोग्रामिंग जवळजवळ लागत नाही. तयार खेळ म्हणजे वेबचे एक पान असते आणि ते कोणत्याही मोबाइलवर उघडते. देवनागरी नीट दिसते, कारण जोडाक्षरे जुळवण्याचे काम ब्राउझर करतो. एखादी शिक्षिका दुपारच्या सुट्टीत शिकून संध्याकाळी कथा रचू शकेल, असे हे एकमेव साधन आहे. अक्षर-अक्षर उमटत जाण्याची करामत करायला गेलात तर मात्र ‘कि’मधली वेलांटी क्षणभर अधांतरी दिसते, ती करामत सोडून द्यावी.

इंक हे केंब्रिजच्या इंकल या खेळसंस्थेचे साधन. ‘८० डेज’ हा त्यांचा गाजलेला खेळ त्यातच लिहिला गेला. २०१६पासून त्याचा उगमसंहिता सर्वांना खुला आहे. फाटे फुटून पुन्हा एकत्र येणारी लांबलचक कथा लिहायची तर इंकची मांडणी ट्वाइनपेक्षा नेटकी राहते, कारण सगळा मजकूर एका सलग संहितेत असतो.

दोन्ही साधने चांगली आहेत आणि मराठी कथेसाठी आज बेलाशक वापरावीत. पण ती आपल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, त्याला वळसा घालतात. इथे खेळणारा काहीच लिहीत नाही. लेखकाने समोर ठेवलेल्या तीन पर्यायांतला एक निवडतो. त्यामुळे त्याचा शब्द कधी अडत नाही हे खरे. पण त्याचा शब्द खेळात येतच नाही. मुलाला वाचते करायचे असेल तर ट्वाइन पुरे. त्याला लिहिते करायचे असेल, त्याच्या हुकमावर जग हलते हा अनुभव द्यायचा असेल, तर हुकूम वाचणारे साधन पाहिजे.

इन्फॉर्म : मोठे घर, इंग्रजी दार

असे सगळ्यांत नावाजलेले साधन इन्फॉर्म. त्याची कुळकथा अशी : १९७९मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉम कंपनीने आपले खेळ निरनिराळ्या संगणकांवर चालावेत म्हणून झेड-मशीन नावाचे एक काल्पनिक यंत्र आखले. कंपनी १९८९मध्ये बंद झाली. हौशी लोकांनी ते यंत्र उलगडून पाहिले आणि ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गणितज्ञाने १९९३मध्ये त्यासाठी खेळ लिहिण्याचे साधन तयार केले. वस्तू कशात आहे, कशावर आहे, दार बंद की उघडे, अंधार आहे की उजेड, असा जगाचा सगळा हिशेब इन्फॉर्ममध्ये तयार मिळतो. तीस वर्षांची मशागत आहे ती.

२००६मध्ये इन्फॉर्मची सातवी आवृत्ती आली. तिच्यात लेखकाने साध्या इंग्रजी वाक्यांत जग सांगायचे : कंदील माजघरात आहे, कंदील ही वस्तू आहे, अशा धाटणीने. इंग्रजी लेखकासाठी ही मोठी सोय. मराठी लेखकाची मात्र ती कोंडी करते : ओसरी, माजघर, परसदार यांचे जग आधी इंग्रजी वाक्यांत सांगायचे आणि मग त्यातून मराठी बोलवून घ्यायची. साधन माणसाच्या भाषेच्या जितके जवळ गेले, तितके ते एका विशिष्ट भाषेचे झाले. उलट सहावी आवृत्ती रूक्ष, कंसांनी आणि अर्धविरामांनी भरलेली. पण तिच्यात भाषेची व्याख्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली आहे. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन भाषकांनी ती फाइल आपापल्या भाषेत लिहून घेतली. मराठीनेही तेच करावे, असे कोणीही म्हणेल. ते शक्य आहे. पण कुठे काय अडते ते पाहू.

मूळ झेड-मशीन कोशातला शब्द ओळखताना नऊ लहान खणांपुरताच पाहते. रोमन छोट्या अक्षराला एक खण पुरतो. नेहमीच्या तक्त्याबाहेरच्या चिन्हाला चार लागतात. म्हणजे देवनागरी शब्दाची दोनच चिन्हे पूर्ण बसतात आणि यंत्राला दार, दात आणि दारू हे तिन्ही शब्द एकच दिसतात! ‘दार उघड’ म्हटले की काय उघडेल याचा भरवसा नाही. तक्ता बदलून ही अडचण कमी करता येते. त्याहून सरळ वाट म्हणजे अँड्र्यू प्लॉटकिनने आखलेले ग्लल्क्स हे नंतरचे यंत्र घेणे; त्यात कोशातील शब्दाची लांबी वाढवता येते आणि युनिकोड चिन्हे पूर्ण ठेवता येतात. म्हणजे इथे यंत्र वाकवता येते. लिपीचा प्रश्न सुटतो. भाषेचा सुरू होतो.

मराठीत काय अवघड, काय सोपे

इंग्रजी साहसखेळात हुकमाचा पहिला शब्द क्रियापद असतो आणि सगळी यंत्रणा त्यावर उभी आहे. मराठीत ते शेवटी येते. शिवाय एकटे येईलच असे नाही : ‘उघडून बघ’, ‘उचलून घे’, ‘पेटवून ठेव’. यांत खरे काम पहिल्या क्रियापदाचे, शेवटचे नुसते सोबतीला. ‘घेऊन ये’मध्ये मात्र दोन्ही कामे खरी आहेत. हे भेद यंत्राला एकेक करून शिकवावे लागतात.

मग नाम. ‘विहीर’ला प्रत्यय लागला की ‘विहिरीत’, ‘कुलूप’चे ‘कुलपाला’, ‘दोर’चे ‘दोराने’ आणि ‘दोरा’चे ‘दोऱ्याने’. शाळेत ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो, ते यंत्राला माहीत नाही. यावर साधा तोडगा असा की, कोशात प्रत्येक नामाची दोन रूपे लिहून ठेवायची : विहीर-विहिरी, कुलूप-कुलपा. मग शब्दाच्या शेवटचा ला, ने, त, वर, खाली, तून असा प्रत्यय सोडवला की उरलेला भाग कोशात सापडतो. नियम शोधत बसण्यापेक्षा यादी बरी.

इथे एक सुखद गोष्ट घडते. इंग्रजीत कोण कशाने उघडायचे, हे शब्दांच्या जागेवरून कळते. मराठीत ते प्रत्यय सांगतो. ‘किल्लीने कुलूप उघड’, ‘कुलूप किल्लीने उघड’, ‘उघड कुलूप किल्लीने’ या तिन्ही हुकमांत हत्यार कोणते आणि वस्तू कोणती याबद्दल संशय नाही. म्हणजे प्रत्यय सोडवण्याची मेहनत एकदा केली की, पुढचा अर्थ लावणे इंग्रजीपेक्षा सोपे होते. मराठी यंत्राला अवघड, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही बाजू पाहिलेली नसते.

यंत्राच्या उत्तरांचेही तसेच. इंग्रजी खेळात काहीही उचलले की एकच ठरीव शब्द येतो. मराठीत कंदील ‘घेतला’, किल्ली ‘घेतली’, कुलूप ‘घेतले’. इन्फॉर्मच्या सहाव्या आवृत्तीत तीन लिंगे, दोन वचने आणि सजीव-निर्जीव असे मिळून बारा गट आधीच आखलेले आहेत. ते मराठीला आयते मानवतात. पण ‘तू विहिरीत उतरलास’ की ‘उतरलीस’? इंग्रजीतला मध्यमपुरुष लिंग सांगत नाही आणि मानही सांगत नाही. मराठी लेखकाला खेळणाऱ्याला विचारावे तरी लागेल किंवा सगळे ‘तुम्ही’ वापरून मांडावे लागेल.

आणि या मानातच एक संधी आहे. हुकूम ‘दे’ही असतो आणि ‘द्या’ही. समजा, खेळात ओसरीवर आजोबा बसले आहेत आणि किल्ली त्यांच्या कनवटीला आहे. ‘आजोबा, किल्ली दे’ असे लिहिले तर त्यांनी नुसते पाहून मान वळवावी; ‘आजोबा, किल्ली द्या’ म्हटले तर हात पुढे करावा. असे कोडे इंग्रजीत रचताच येत नाही. भाषेची अडचण म्हणून ज्याची आपण नोंद करतो, तेच खेळाचे बी असू शकते.

शेवटी टंकनाचा गुंता. ‘दोऱ्या’मधला तो अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो : एक नुक्त्याच्या ‘ऱ’वरून, दुसरी साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत आणि कितीतरी कळफलक आजही तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. युनिकोडचे ठरलेले एकरूपीकरणही या जोड्या एक करत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे तर सांगायलाच नको. म्हणून कोणतेही साधन घेतले तरी हुकूम वाचण्याआधी तो धुऊन-पुसून घेण्याची एक पायरी स्वतः लिहावीच लागते.

‘इहीर पाय’

ही झाली प्रमाण मराठी. आमच्या भागातली मुले विहिरीला ‘इहीर’ म्हणतात, ‘पाहा’ला ‘पाय’ म्हणतात, ‘डोळा’चा ‘डोया’ करतात. गेल्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका शाळेत मी सहावीच्या मुलांपुढे मुद्दाम दोन आवृत्त्या ठेवल्या. खेळ एकच : ओसरी, माजघर, परसातली विहीर, एक कंदील, एक संदूक. पहिल्या आवृत्तीत छापील मराठीचा कोश होता आणि न कळलेल्या शब्दाला ‘हा शब्द चुकीचा आहे’ असे उत्तर. बहुतेक साधनांच्या उत्तरांचा सूर असाच असतो. दुसरीत उत्तर होते : ‘हा शब्द माझ्याकडे नाही. त्याचा अर्थ सांग.’ आणि सांगितलेला अर्थ कोशात जाऊन बसत होता.

एका मुलीने पहिल्या आवृत्तीत ‘इहीर पाय’ लिहिले. उत्तर वाचून तिने विचारले, ‘‘काकाजी, माह्यं चुकलं का?’’ आणि कोणी काही बोलायच्या आत तिने ते खोडून टाकले. त्यानंतर ती लिहीना. शेजारणीला सांगू लागली. दुसऱ्या आवृत्तीत तेच लिहिल्यावर यंत्राने अर्थ विचारला आणि वर्गात वाद सुरू झाला. ‘पाय’ म्हणजे ‘पाहा’ असे लिहून टाकले तर ‘पाय धू’ म्हटल्यावर काय होईल? दोन-तीन मुलांनी मिळून तोड काढली : शेवटी आला तर पाहणे, आधी आला तर अंगाचा पाय. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हा व्याकरणाचा नियम त्या मुलांनी यंत्राला समजावण्याच्या नादात स्वतः मांडला.

त्या शाळेतल्या एका दुपारवरून मी मोठा सिद्धान्त काढत नाही. पण साधनाच्या निवडीत पणाला काय लागते, हे त्यातून दिसते. साहसखेळात यंत्राचा नकार हा खेळाचा भाग असतो. बंद दार बंदच असले पाहिजे. दार उघडत नाही हा नकार मुलाला विचार करायला लावतो. तुझा शब्द चूक, हा नकार त्याला गप्प करतो. पहिला नकार लेखकाने योजलेला असतो. दुसरा साधनाबरोबर आयता येतो, आणि तो बदलायची किल्ली आपल्या हातात आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

पायथन, आणि एक आक्षेप

ही किल्ली सगळ्यांत सहज हाताला लागते ती पायथनसारख्या सर्वसाधारण भाषेत. खोल्या, वस्तू, कोश आणि हुकूम सोडवणारा भाग, एवढे काही शे ओळींत बसते. २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमध्ये चलांची नावेही देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे मुलांना ओळी वाचून अंदाज येतो. उणिवा आहेत. मूळ आज्ञा इंग्रजीच राहतात. वर सांगितलेले अदृश्य जोडचिन्ह नावात आले तर पायथन अडून बसतो. विंडोजच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरे फुटतात, म्हणून खेळ ब्राउझरच्या पानात दाखवावा लागतो. आणि इन्फॉर्ममध्ये आयता मिळणारा जगाचा हिशेब, पेटीत पेटी, अंधार, ओझे, हे सगळे हाताने लिहावे लागते. मोठ्या खेळात हे काम अंगावर येते.

इथे आजचा एक आक्षेप येणारच : आता भाषाप्रारूपे आली आहेत, ती वऱ्हाडीही समजून घेतात, मग कोश आणि प्रत्यय कशाला? ‘एआय डन्जन’ हा खेळ २०१९मध्ये याच वाटेने आला. त्यात काहीही लिहा, उत्तर मिळते. पण तिथे किल्ली नसताना ‘किल्लीने उघडतो’ म्हटले तरी कथा पुढे सरकू शकते, कारण मागे पक्के जग नाही, फक्त पुढची वाक्ये आहेत. ज्या दाराला खरोखर कुलूप नाही, ते उघडण्यात मौज नाही. उद्या अशा प्रारूपाला फक्त हुकूम समजून घेण्याचे काम देऊन जगाचा हिशेब वेगळा ठेवता येईल. ती जोडणी चांगली ठरेल. तरीही चुकले तर कुठे चुकले, हे उघडून पाहण्याची सोय त्यात नाही. सहावीतल्या मुलीला आपला शब्द कोशात लिहिलेला दिसतो. प्रारूपात तो कुठे गेला ते कोणालाच दिसत नाही. चरख्याच्या अटींपैकी शेवटची अट इथे नापास होते.

माझी निवड

एकूण पारख अशी. फाटे फुटणारी कथा सांगायची आणि ती मोबाइलवरून घरोघर पोहोचवायची, तर ट्वाइन. ती फार लांब असेल तर इंक. हुकूम वाचणारा मोठा, मुरलेला खेळ रचायचा आणि वर्षभर बसण्याची तयारी असेल, तर इन्फॉर्मची सहावी आवृत्ती ग्लल्क्स यंत्रावर, मराठी भाषाव्याख्येची फाइल लिहून. सातव्या आवृत्तीची संहिताही २०२२पासून खुली झाली आहे. पण तिचे इंग्रजी वाक्यांचे दार मराठी लेखकाला अरुंदच पडेल. शाळेत, ग्रंथालयात, मुलांबरोबर सुरुवात करायची तर पायथन.

मात्र साधन कोणतेही घ्या, एक शिस्त पाळावी. कोश साधनाच्या पोटात ठेवू नये. नाम, त्याचे सामान्यरूप, लिंग, आणि आपल्या भागातला त्याचा उच्चार, एवढे रकाने असलेली साधी युनिकोड मजकुराची फाइल वेगळी ठेवावी. क्रियापदांची दुसरी : उघड, उघडा, उघडून बघ. प्रत्ययांची तिसरी. इन्फोकॉम गेली, उद्या ट्वाइनही जाईल. ही फाइल मात्र पुढच्या कोणत्याही यंत्राला वाचता येईल, आणि तिच्यात भर घालायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. वऱ्हाडातल्या माणसाने ‘इहीर’ घालावी, कोकणातल्याने ‘बाव’ घालावी. विहीर तीच राहील.

माझ्या फाइलमध्ये सध्या ‘पाय’ या शब्दापुढे दोन नोंदी आहेत, आणि दोन्हींपुढे सहावीतल्या त्या मुलांनी ठरवलेला नियम लिहिलेला आहे. पुढच्या कामाला ती फाइल घेऊनच बसायचे आहे. ‘डोया’ अजून लिहायचा राहिला आहे.